इंधन-दाब संवेदक

इंधन-दाब संवेदक : डीझेल एंजिनाच्या इंधनमार्गातील दाब मोजून त्याच्या प्रमाणात विद्युत् संकेत निर्माण करणारे व तो एंजिनाच्या इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाकडे पाठविणारे साधन. खोदयंत्रे, भारकयंत्रे (लोडर), ऊसतोडणी यंत्रे, मोठे ट्रॅक्टर इत्यादींच्या आधुनिक एंजिनांवर ते बसविलेले असते. अंगठ्याएवढे हे साधन बिघडल्यास कित्येक टन वजनाचे यंत्र जागीच थांबू शकते. उलट, त्यात दोष नसताना ते बदलल्यास पैसा खर्च होतो आणि मूळ बिघाड तसाच राहतो. म्हणून ते बदलण्याच्या कृतीइतकेच आधीच्या परीक्षेला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : जुन्या डीझेल एंजिनांत प्रत्येक सिलिंडरासाठी पंपाचा स्वतंत्र दट्ट्या असे व अंतःक्षेपकातील स्प्रिंगने ठरविलेल्या दाबाला (सामान्यतः सु. २०० बार; १ बार = सु. १·०२ किग्रॅ./चौ. सेंमी.) तोटी उघडत असे. तेथे दाबाची विद्युत् मोजणी करण्याची गरज नव्हती. सामाईक नळीच्या (कॉमन रेल) पद्धतीत पंप एका जाड पोलादी नळीत इंधन सतत दाबाखाली साठवितो व नियंत्रक विजेच्या साहाय्याने अंतःक्षेपक उघडतो. ही पद्धती जपानमध्ये १९९५ साली मालमोटारींत व यूरोपात १९९७ साली मोटारगाड्यांत व्यापारी प्रमाणावर आली. भारतात चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना उत्सर्जनाची चौथी पायरी १ एप्रिल २०२१ पासून व पाचवी १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना नवे निकष १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. त्यामुळे ही एंजिने ग्रामीण भागातही सर्रास दिसू लागली [⟶ डीझेल एंजिन].

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके याचे चांगले उदाहरण होत. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे उसाची शेती वाढली आणि माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, वालचंदनगर अशा ठिकाणी साखर कारखाने उभे राहिले. गळीत हंगामात ऊसतोडणी यंत्रे, ट्रॅक्टर व कारखान्याच्या आवारातील भारकयंत्रे अखंड चालतात. पुणे–सोलापूर महामार्ग इंदापूरवरून जातो. बारामती व इंदापूरवरून जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. अशा कामांवर मातीकामाची यंत्रे मोठ्या संख्येने लागतात. यंत्राने तुकडे करून तोडलेला ऊस अखंड उसापेक्षा लवकर खराब होतो व त्यातील साखर घटत जाते. म्हणून हंगामात यंत्राचा खोळंबा मालक, शेतकरी व कारखाना या तिघांनाही भोवतो.

रचना व कार्य : संवेदकाच्या टोकाशी पातळ पोलादी पटल असते. इंधनाच्या दाबाने ते किंचित वाकते. पटलावर बसविलेल्या चार रोधकांचा रोध त्यामुळे बदलतो. हे रोधक व्हीट्स्टन सेतूच्या रूपात जोडलेले असल्याने मिळणारा काही मिलिव्होल्टचा फरक आतील मंडल वर्धित करते. बहुतेक संवेदकांना तीन तारा असतात : ५ व्होल्टचा पुरवठा, भू-जोड व संकेत. संकेत साधारणपणे ०·५ ते ४·५ व्होल्ट या मर्यादेत दाबाबरोबर सरळ रेषेत वाढतो. उदा., ० ते १,८०० बार क्षमतेच्या संवेदकात ४०० बार दाबाला सु. १·४ व्होल्ट मिळतात.

नियंत्रक हा संकेत अपेक्षित दाबाशी ताडून पाहतो व पंपाकडे जाणारे इंधन कमीजास्त करतो. संवेदक खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवू लागल्यास नियंत्रक प्रत्यक्ष दाब वाढवितो. म्हणून शक्ती वाढविण्यासाठी संकेताच्या तारेत बाहेरून रोधक जोडण्याचा प्रकार घातक आहे. त्याने पंप, अंतःक्षेपक व सुरक्षा-झडप यांवर मर्यादेबाहेर भार पडतो. संकेत अविश्वसनीय ठरल्यास नियंत्रक एंजिनाची शक्ती मर्यादित करतो किंवा ते बंद पाडतो.

दोषपरीक्षा : अवजड यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या जे १९३९ या संदेशवहन प्रमाणात नळीतील दाबाला १५७ व पुरवठा-मार्गातील दाबाला ९४ हा क्रमांक आहे. त्यापुढील दोषप्रकाराचा अंक अधिक महत्त्वाचा. ३ किंवा ४ हा अंक संकेताचा व्होल्टता-दोष, म्हणजे बहुधा तार, जोडणी वा संवेदक यांतील बिघाड दर्शवितो. ०, १, १६ किंवा १८ हे अंक मोजमाप विश्वसनीय असून दाबच अयोग्य असल्याचे सांगतात. दुसऱ्या प्रकारात संवेदक बदलून सहसा उपयोग होत नाही. तेथे तुंबलेली गाळणी, इंधनातील पाणी, शोषणनळीतून शिरणारी हवा, अशक्त पुरवठा-पंप, अडकलेली नियंत्रक-झडप व अंतःक्षेपकांतून परत जाणारे जादा इंधन यांची तपासणी या क्रमाने करतात. एंजिन फिरविताना दाब ठराविक किमान पातळीला, अनेक एंजिनांत सु. २०० बारला, पोहोचला नाही तर नियंत्रक अंतःक्षेपण सुरूच करीत नाही.

दाब पूर्ण उतरलेला, किल्ली चालू व एंजिन बंद असताना संकेत ०·५ व्होल्टच्या आसपास असावा. तसा नसेल व पुरवठा आणि भू-जोड योग्य असतील, तर संकेताची तार तपासून मगच संवेदक सदोष ठरवितात. तपासणीसाठी तारेच्या आवरणात टाचणी खुपसू नये. त्या छिद्रातून पुढे गंज चढतो.

बदलण्याची कृती : यंत्र सपाट जागी उभे करून अवजारे जमिनीवर टेकवितात व एंजिन बंद करून थंड होऊ देतात. निर्मात्याने सांगितलेला वेळ (अनेकदा १० मिनिटे किंवा अधिक) थांबून चाचणी-साधनावर दाब उतरल्याची खात्री करतात व मग विद्युत् घटमालेची जोडणी सोडवितात. चालू एंजिनाची दाबनळी कधीही सैल करू नये. या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली व प्रारंभी दुखली नाही, तरी ती शस्त्रक्रियेची तातडी असते. रुग्णास त्वरित रुग्णालयात नेऊन ‘दाबाखालील डीझेल शिरले आहे’ असे स्पष्ट सांगावे.

संवेदकाभोवतीची धूळ व पाचटाचा भुगा आधी स्वच्छ करतात. जोडणीची कडी दाबून ती सरळ काढतात व योग्य मापाच्या पान्याने संवेदक सोडवितात. उघडे छिद्र लगेच स्वच्छ टोपणाने झाकतात. नव्या संवेदकाची दाबमर्यादा व भाग-क्रमांक जुन्याशी जुळला पाहिजे. बहुतेक ठिकाणी धातूवर धातू दाबून गळती रोखलेली असते. म्हणून आट्यांवर फीत वा चिकट लेप लावू नये, त्याचे कण अंतःक्षेपकात अडकतात. जेथे वायसर असेल तेथे नवाच वापरतात. आवळण्याचे परिबल त्या एंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे मापक-पान्याने द्यावे लागते. काही निर्माते संवेदक नळीसह बदलण्यास सांगतात, तेथे तो स्वतंत्रपणे काढू नये. नंतर हातपंपाने हवा काढून एंजिन सुरू करतात आणि गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहतात. हात फिरवून पाहत नाहीत. ऊसतोडणी यंत्रात तापलेल्या निष्कासनळीशेजारी वाळलेले पाचट साचत असल्याने किरकोळ गळतीही आगीचे कारण ठरू शकते. शेवटी दोषांक पुसून भाराखाली चाचणी घेतात.

निगा : संवेदकाची दुरुस्ती वा जुळणी करता येत नाही. त्याचे आयुष्य मुख्यतः इंधनाच्या स्वच्छतेवर व जोडणीच्या कोरडेपणावर अवलंबून असते. जलविभाजकातील पाणी रोज काढावे. पाळी संपताच टाकी भरून ठेवल्यास तीत आर्द्रता कमी साचते. पिंपातील डीझेल निवळू देऊन व गाळून घ्यावे. नवी अंतिम गाळणी न गाळलेल्या इंधनाने आधी भरू नये. यंत्र धुताना पाण्याचा जोरदार फवारा जोडणीवर मारू नये. शेतात विद्युत् वितळजोडकाम करण्यापूर्वी घटमाला व नियंत्रकाच्या जोडण्या सोडवाव्यात. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या यंत्राच्या तारा उंदीर कुरतडतात, म्हणून गळीत हंगामापूर्वी संपूर्ण तारजाल तपासणे इष्ट ठरते. अशा तपासणीत सापडलेली कुरतडलेली तार थोड्या वेळात व अल्प खर्चात दुरुस्त होते. तोच दोष भर हंगामात उघडकीस आल्यास तोडलेला ऊस फडात पडून राहतो.