पाटाकाठचे सर

मार्च महिन्यात पाटाला पाणी सुटलं की दुपारनंतर आमच्या सहावीच्या वर्गात तीन-चार बाकं रिकामी दिसतात. मुलं कुठे गेली, हे विचारावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी ओरडा, मग पालकांना निरोप. गेल्या वर्षी एका मुलाची अम्मी शाळेत आली आणि म्हणाली, "मॅडम, हवं तर मारा त्याला. पण पाणी दिसलं की तो थांबत नाही हो." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवण झाली ती एका शिक्षकाची.

हवाई बेटांतल्या माउई बेटावर पुउनेने ही ऊसमळ्यातल्या मजुरांची वस्ती होती. तिथे सोइची साकामोतो शाळेत शिकवत. मजुरांची मुलं उसाच्या पाटात डुंबायची आणि मळ्याचे लोक त्यांना हाकलून द्यायचे. साकामोतो सरांनी मुलांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी घेतली. ते स्वतः काही पट्टीचे पोहणारे नव्हते. पण पाटाला ओढ होती, तिचाच त्यांनी उपयोग केला. मुलांना प्रवाहाच्या उलट पोहायला लावलं. 1937 साली त्यांनी 'थ्री-इयर स्विम क्लब' काढला. तीन वर्षांनी, 1940 मध्ये ऑलिंपिक गाठायचं, म्हणून हे नाव. 1939, 1940 आणि 1941 अशी सलग तीन वर्षं अमेरिकेचं राष्ट्रीय सांघिक विजेतेपद या मुलांनी मिळवलं. फुजिको कात्सुतानी ही मुलगीही याच क्लबातून राष्ट्रीय विजेती झाली.

ऑलिंपिक मात्र झालंच नाही. महायुद्धाने 1940 आणि 1944 ची दोन्ही ऑलिंपिक गिळली. डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि जपानी आडनावाच्या अमेरिकन माणसांकडे आपल्याच देशात संशयाने पाहिलं जाऊ लागलं.

अशा दिवसांत माउईची ही मुलं ओहायो राज्य विद्यापीठाच्या संघात एकत्र पोहली. तिथे त्यांना माइक पेपी हे प्रशिक्षक लाभले. कियो नाकामा त्या संघाचा कर्णधार झाला. बिल स्मिथ त्याचा सोबती. 1943 साली ओहायोने महाविद्यालयीन राष्ट्रीय विजेतेपद पहिल्यांदा जिंकलं. ताकाशी हिरोसे, ज्याला सगळे 'हेलो' म्हणत, तो जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या 442 व्या रेजिमेंटमधून युरोपात लढला आणि परतल्यावर पुन्हा ओहायोच्या संघात उतरला.

1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बिल स्मिथने दोन सुवर्णपदकं जिंकली. लहानपणी विषमज्वराने खंगलेला हा मुलगा. नाकामा आणि हिरोसे यांच्या वाट्याला ऑलिंपिक कधीच आलं नाही. तरी नाकामाने पोहणं सोडलं नाही. 1961 साली त्याने मोलोकाई ते ओआहू हा समुद्र पंधरा तासांहून अधिक वेळ पोहून पार केला. तो स्वतः मुलांचा प्रशिक्षकही झाला. बिल स्मिथने होनोलुलूच्या किनाऱ्यावर जीवरक्षकांचं काम अनेक वर्षं सांभाळलं. सर ज्या कामाने सुरुवात करून गेले, तेच हे काम: पाण्यातल्या दुसऱ्याच्या मुलाकडे लक्ष ठेवणं. साकामोतो सर 1997 साली वारले.

हे सगळं आठवलं आणि मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. आमचा पाट खोल आहे, ओढही जबर आहे. तिथे मुलांना उतरवणं शहाणपणाचं नाही. म्हणून मी त्या मुलाच्या अब्बांना भेटले. ते लहानपणी मामाच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहायला शिकले होते. "मुलाला का नाही शिकवलं?" मी विचारलं. ते म्हणाले, "वेळच झाला नाही, मॅडम."

यंदा दर रविवारी फजरनंतर ते सात मुलांना घेऊन एका पायऱ्यांच्या विहिरीवर जातात. कासरा आणि डबे बरोबर असतात. विहिरीत एका वेळी दोघंच उतरतात. मला पोहता येत नाही. मी पायरीवर बसून डोकी मोजते.

तुमच्या घरातही पाण्याकडे धावणारं एखादं मूल असेल. त्याला नुसतं "जाऊ नकोस" म्हणून भागणार नाही. काठावर कोण उभं राहणार, ते आधी ठरवा.