रेग्नेलिडियम : दोन पर्णिकांचे जलनेचे

दक्षिण ब्राझील, उरुग्वे व ईशान्य अर्जेंटिनातील पाणथळींत वाढणारे ‘रेग्नेलिडियम डायफायलम’ हे नेचे, म्हणजे फुले-बिया न येता बीजाणूंपासून वाढणारी वनस्पती, आपल्या प्रजातीत आज एकटेच हयात आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडमन यांनी १९०४ साली तिला ब्राझीलवासी डॉक्टर आणि वनस्पतिसंशोधनाचे उदार आश्रयदाते रेग्नेल यांचे नाव दिले. ‘डायफायलम’, म्हणजे ‘द्विपर्णी’, हे जातिनाम मात्र गौरवापेक्षा ओळखीच्या कामाचे, कारण याच कुळातील, महाराष्ट्रातही आढळणाऱ्या मार्सिलियाच्या देठावर चार पर्णिका असतात, तर येथे दोनच. त्याहून नवलाचे म्हणजे याचा देठ तोडला असता चीक येतो, जो नेच्यांत सहसा आढळत नाही. शेतीसाठी पाणथळी आटवल्या जात असल्याने ब्राझीलमध्ये त्याची गणना धोक्यातील जातींत होते.