लायब्ररीची इंटर्नशिप घरबसल्या होते का? अर्धी होते!

लायब्ररी सायन्स म्हणजे पुस्तकं कपाटात लावायचं शिक्षण, असा समज असेल तर त्याची ऑनलाइन इंटर्नशिप हा विनोदच वाटेल. पण महाडच्या खाडीपट्ट्यातल्या तुडीलसारख्या गावातून बी. लिब. करणाऱ्यासाठी हा पैशांचा प्रश्न आहे. पदवी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून दूरशिक्षणानं मिळवता येते. गाडी अडते अनुभवापाशी. मोठ्या लायब्रऱ्या मुंबई-पुण्यात, मुंबई महाडपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. तिथं दोन महिने राहायचं तर खोलीभाडं आणि खाणावळ आलीच. स्टायपेंड मिळेलच असं नाही.

मग घरून काय शिकता येतं? मुख्य म्हणजे कॅटलॉगिंग. 'कोहा' हे मोफत सॉफ्टवेअर २००० साली न्यूझीलंडमधल्या एका लायब्ररीत सुरू झालं (माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट). ते ब्राउझरमध्ये चालतं. लायब्ररीनं लॉगिन आणि पुस्तकाच्या शीर्षकपानाचे फोटो दिले, की नोंद तुडीलमध्ये बसूनही करता येते.

काम वाटतं तितकं सोपं नाही. एकानं 'पु. ल. देशपांडे' लिहिलं, दुसऱ्यानं 'देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण', तर शोधणाऱ्याला निम्मीच पुस्तकं दिसतात. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, हे कॉम्प्युटरला कुणीतरी सांगावं लागतं. ड्युई पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६, पण एखादं पुस्तक साहित्यात घालायचं की इतिहासात, हे ते चाळल्याशिवाय ठरत नाही.

आणि इथंच ऑनलाइन संपतं. कसर लागलेलं पुस्तक हाताळणं, वर्षअखेरची पडताळणी, 'ते निळ्या कव्हरचं द्या' म्हणणारा वाचक... यासाठी काउंटरवर उभंच राहावं लागतं. म्हणून ब्लेंडेड. नोंदींचं काम मुंबई-पुण्याच्या लायब्ररीसाठी घरून आणि प्रत्यक्ष काम महाड-पोलादपूरच्या वाचनालयात किंवा कॉलेजात, अशी विभागणी सगळ्यात व्यवहार्य.

याचा फायदा गावालाही आहे. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुरानं महाड शहर बुडालं होतं. अशा वेळी वाचनालयाची दाखलनोंद वहीच भिजली, तर कोणती पुस्तकं गेली हेही कळत नाही. इंटर्ननं ती यादी ऑनलाइन चढवली असेल, तर निदान काय परत मिळवायचं ते माहीत असतं.

होकार देण्याआधी मात्र काही गोष्टी लेखी घ्या. यूजीसीच्या पदवी इंटर्नशिपच्या सूचनांत एका क्रेडिटला किमान ३० तास धरले आहेत, त्यामुळे तासांची नोंद कोण ठेवणार आणि तुमचं कॉलेज ती मानणार का, हे आधी विचारा. तुमच्या नोंदी तपासून चुका कोण सांगणार, हे त्याहून महत्त्वाचं. नुसती व्हिडिओ लेक्चर्स दाखवून, वर फी घेऊन सर्टिफिकेट देत असतील, तर तो कोर्स झाला. आणि हो, लॅपटॉप लागेलच. मोबाइलवर दहा नोंदी करून बघा, अकरावी करावीशी वाटणार नाही.