सेंट जेनेव्हिव्हच्या पाऊलवाटा

अमेरिकेच्या मध्यभूमीत ज्याला पायी चालण्याची हौस आहे त्याला प्रथम मोटारीत बसावे लागते; कारण शेतकऱ्याचे घर त्याच्या शेताच्या मध्यभागी, शेजाऱ्याचे घर अर्धा मैल दूर आणि पेठ त्याहूनही दूर, ही मांडणी तेथे आरंभापासून स्वाभाविक समजली गेली, आणि पुढे मोटारीने ती कायमची पक्की करून टाकली. या सर्वसाधारण नियमाला मिसुरी राज्यात एक ठळक अपवाद आहे. सेंट लुईस शहराच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवर, मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठी, सेंट जेनेव्हिव्ह नावाचे जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव आहे. ते इंग्रजी बोलणाऱ्यांनी वसवले नाही, फ्रेंचांनी वसवले. आणि गावात व गावाभोवती मुलाबाळांसह हिंडण्याचे जे सुख आज मिळते त्याचे मूळ, माझ्या मते, या एकाच गोष्टीत आहे.

नदीच्या पूर्वेकडील कास्कास्किया गावचे फ्रेंच-कॅनडियन शेतकरी नदी ओलांडून पश्चिमेच्या गाळाच्या जमिनीवर उतरले, त्याचे वर्ष गावची परंपरा १७३५ सांगते. जुनी दप्तरे चाळणारे इतिहासकार ते १७५० च्या आसपास ओढतात. आकर्षणे तीन होती: काळीभोर जमीन, जवळच्या झऱ्यांतील मीठ आणि पश्चिमेच्या डोंगरांतील शिसे. १७६२ च्या तहाने नदीपलीकडचा हा सारा पश्चिम मुलूख फ्रान्सने स्पेनच्या हवाली केला, १८०३ मध्ये तो अमेरिकेने खरेदी केला. परंतु या घालमेलीत माद्रिदचा हुकूम चालो वा वॉशिंग्टनचा, गावची बोली फ्रेंच, धर्म कॅथलिक आणि शेतीची वहिवाट पूर्वापार तीच राहिली. अंमल बदलला म्हणून बांध हलत नाहीत, हे आपल्याकडच्या कुणाही खातेदाराला सांगावे लागणार नाही.

ती वहिवाट मात्र मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. गावाच्या दक्षिणेस नदीकाठच्या सपाटीवर ‘ल ग्रां शां’, म्हणजे मोठे शेत, पसरले आहे. प्रत्येक खातेदाराला त्यात सुमारे एक आर्पां, म्हणजे अदमासे १९२ फूट रुंदीची आणि नदीपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत लांबच लांब गेलेली पट्टी मिळे, जेणेकरून गाळाची जमीन आणि चढाची जमीन दोन्ही सर्वांच्या वाट्याला येत. सबंध शेताला कुंपण एकच. त्यातला आपापला टप्पा प्रत्येकाने दुरुस्त ठेवायचा. आणि सुगी संपली की साऱ्या गावची गुरे त्यात मोकळी सुटायची. शेतावर कोणी राहत नसे. घरे सारी गावात, दाटीने, हाकेच्या अंतरावर. सकाळी शेताकडे जायचे, संध्याकाळी परतायचे. गावठाण आणि शिवार ही विभागणी ज्याच्या रक्तात आहे त्या मराठी माणसाला अमेरिकेत इतक्या ओळखीची रचना क्वचितच आढळेल. गाव पायांनी जाण्यायेण्यासाठीच बांधलेले असल्यामुळे त्याच्या गल्ल्यांची लांबी आजही सहा-सात वर्षांच्या मुलाला झेपते, आणि ही सोय करण्यासाठी कोणत्याही नगररचनाकाराला खटपट करावी लागलेली नाही.

आजचे गाव मात्र मूळ जागी नाही. १७८५ साली मिसिसिपीला असा पूर आला की फ्रेंच लोक पुढे ते वर्ष ‘मोठ्या पाण्याचे वर्ष’ म्हणूनच मोजू लागले. जुने गाव बुडाले, आणि ग्रामस्थ हळूहळू दोन-तीन मैल वर, गाबुरी ओढ्याच्या दोन फाट्यांमधील उंचवट्यावर येऊन राहिले. आज उभी असलेली प्रसिद्ध घरे या स्थलांतरानंतरची आहेत.

चालायला आरंभ साउथ मेन स्ट्रीटवरील स्वागत केंद्रापासून करावा. येथून लुई बोल्दूक यांचे १७९२-९३ चे घर, गावचे अखेरचे कमांडंट झां-बाप्तिस्त व्हाले यांचे १७९४ चे घर, आणि १७९० च्या सुमारास बांधलेले, पुढे खाणावळ झालेले ग्रीन ट्री टॅव्हर्न ही सारी चालत्या पावली भेटतात. या घरांची बांधणी इंग्रजी वसाहतींतल्या लाकडी घरांहून अगदी निराळी आहे. तेथे ओंडके आडवे रचत. येथे ते उभे ठोकले आहेत. काही घरांत हे खांब जोत्यावरच्या आडव्या तुळईत बसवले आहेत, तर काहींत खंदक खणून ते थेट जमिनीत पुरले आहेत. या दुसऱ्या प्रकारची घरे सबंध अमेरिकेत पाचच उरली आहेत असे सांगतात, आणि त्यांतील तीन या एका गावात आहेत. खांबांमधल्या फटी माती आणि गवत यांच्या काल्याने भरलेल्या, वरून चुन्याचा हात फिरवलेला, छप्पर खूप उतरते, आणि ते छप्पर पुढे ओढून केलेली ऐसपैस पडवी. उन्हाळ्यात मुलानातवंडांकडे येणाऱ्या ज्या आजी-आजोबांनी कोकणात कुडाच्या भिंती पाहिल्या आहेत, त्यांनी येथे मार्गदर्शकाच्या आधी तोंड उघडण्यास हरकत नाही. हा काला कसा मळतात आणि पावसाळ्यानंतर तो कुठे पडतो, हे नातवंडांना त्यांच्याइतके चांगले दुसरे कोणी सांगणार नाही.

यानंतर बहुतेक कुटुंबे आइस्क्रीमच्या शोधात निघतात. थोडे अधिक चालण्याची तयारी असेल तर मात्र दक्षिणेकडील ओढा ओलांडून सेंट मेरीज रोडवर जावे. तेथे १७९२ चे आमूरू घर आहे. ते जमिनीत पुरलेल्या खांबांचे असून त्याच्या समोर ते मोठे शेत थेट पसरलेले आहे. शेत आजही कसले जाते, आणि जुन्या पट्ट्यांच्या रेषा त्यात ओळखता येतात. गावाची विभागणी एका नजरेत समजावी अशी याहून चांगली जागा नाही. या घराला दुसराही एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे बेंजामिन आमूरू हा फ्रेंच गृहस्थ आणि त्याची पत्नी पेलाजी राहत. पेलाजी गुलामगिरीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय स्त्री होती आणि याच घरात ती दुकान चालवी. गावची सुबत्ता ही शेत, मीठ आणि शिसे या तिन्हींवर राबणाऱ्या गुलामांच्या श्रमावर उभी होती. पडवी, गुलाबाची वेल आणि कुंपण एवढेच दाखवून मुलांना परत आणणे म्हणजे अर्धे गाव दाखवण्यासारखे आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे सांगता येते, आणि ते मूल प्रश्नही बरोबर तेच विचारते जे मोठी माणसे टाळतात.

१९६० मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. २०१८ मध्ये काँग्रेसने राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानास मंजुरी दिली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ते रीतसर स्थापन झाले. यात मुलांचा थेट लाभ असा की, अमेरिकेतील इतर राष्ट्रीय उद्यानांप्रमाणे येथेही ज्युनियर रेंजरची पुस्तिका मिळते. घरोघर फिरून उत्तरे भरायची, रेंजरसमोर हात वर करून शपथ घ्यायची आणि बिल्ला लावून घ्यायचा. बक्षिसाच्या लालचीने इतिहास शिकवू नये असे म्हणणारे शिक्षणशास्त्री असतीलही; त्यांनी एकदा त्या शपथविधीच्या वेळी मुलांचे गंभीर चेहरे पाहावेत.

गावची माती सोडून पश्चिमेला निघाले की भूमी बदलते. येथे लामोट नावाचा वाळूखडक आहे. सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी, अतिप्राचीन अग्निजन्य खडकावर समुद्राने आणून टाकलेल्या वाळूचा तो बनला आहे. तो ठिसूळ असल्यामुळे पाण्याने त्याच्या कमानी, घळी आणि घुमट कोरले, आणि त्याच्या आम्लयुक्त मातीत आखूड पानांचा पाइन मनापासून वाढला. अशा जमिनीवर हॉन स्टेट पार्क आहे. हेलेन कॉफर हॉन या शिक्षिकेने आपली सुमारे दीड हजार एकर जमीन राज्याला दिली, आणि १९५५ मध्ये हे उद्यान अस्तित्वात आले. आज त्याचा विस्तार पाच हजार एकरांच्या जवळ आहे. येथील प्रख्यात व्हिस्परिंग पाइन ही वाट जवळजवळ दहा मैलांची, म्हणून ती तरुणांनी पाठीवर बिऱ्हाड घेऊन करावी. लहान मुलांसाठी पिकल क्रीक या ओढ्याकाठची अर्ध्या मैलाची वाट आहे. या वाटेवर अंतर कापण्याचा प्रश्नच येत नाही, कारण पहिल्या शंभर पावलांत मुले पाण्यात उतरतात आणि दुपार तेथेच सरते.

पिकल स्प्रिंग्ज हे नैसर्गिक क्षेत्र मात्र चालण्यासाठीच आहे. १८५० च्या सुमारास ही जागा बाळगणाऱ्या विल्यम पिकल्स यांचे नाव त्याला लाभले आहे. क्षेत्र केवळ २५६ एकरांचे, वाट दोन मैलांची आणि वळून परत मूळ जागी येणारी. १९७४ मध्ये ते राष्ट्रीय नैसर्गिक स्थळ घोषित झाले. एका अंगाने जेमतेम माणूस जाईल अशी दगडी फट, दुहेरी कमान, फुलकोबीसारखे फुगलेले खडक, पावसानंतर कोसळणारा धबधबा, अशी दर काही पावलांवर नवी चीज असल्यामुळे ‘अजून किती चालायचे’ हा सनातन प्रश्न येथे फारसा उद्भवत नाही. शिवाय या थंड घळींत हिमयुगाच्या वेळच्या काही वनस्पती तगून राहिल्या आहेत. कुत्र्यांना येथे मज्जाव आहे. तो नियम पाळावा. याहूनही लहान मुले असतील तर जवळच हिकरी कॅन्यन्स येथे एक मैलाची आणि अर्ध्या मैलाची अशा दोन वाटा आहेत. पण तेथील धबधबे पावसाळी, म्हणून ऑगस्टमध्ये जाऊन कोरडा खडक पाहिल्याची तक्रार करू नये. ऋतू निवडायचा तर एप्रिल, नाहीतर ऑक्टोबर; मधल्या महिन्यांत उष्मा फार, गोचिडी त्याहून फार, आणि तीन पानांचा पॉइझन आयव्ही वाटेच्या दोन्ही अंगांना हात पसरून उभा असतो.

नदीचा विषय काढल्यावाचून या गावाचे वर्णन पुरे होत नाही. १९९३ च्या महापुरात ग्रामस्थ आणि स्वयंसेवक यांनी वाळूच्या पिशव्या रचून जुनी घरे वाचवली, आणि त्यानंतर मोठा कायमचा बंधारा उभा राहिला. ज्या कास्कास्कियातून हे लोक आले त्याचे नशीब इतके बलवत्तर नव्हते. ते एके काळी इलिनॉय राज्याची पहिली राजधानी होते. १८८१ मध्ये मिसिसिपीने पात्र बदलून नवा मार्ग काढला, जुने गाव गिळले, आणि जी जमीन उरली ती नदीच्या पश्चिमेस पडली. राज्याची सरहद्द मात्र जुन्याच पात्राला धरून राहिली. म्हणून सेंट जेनेव्हिव्हच्या दक्षिणेस सेंट मेरी या गावाजवळचा लहानसा पूल, ज्याच्याखाली आता मिसिसिपी वाहत नाही, तो ओलांडला की माणूस मिसुरीतून इलिनॉयमध्ये येतो. तेथे मोजकी वस्ती, एक चर्च, आणि पंधराव्या लुईने १७४१ मध्ये पाठवलेली घंटा एका छोट्या वास्तूत जपून ठेवलेली आहे.