अस्वल, आग आणि कायद्याचं कवच

विमा कंपनीला एखादा क्लेम बनावट वाटला, तिने तो पोलिसांना कळवला आणि ग्राहकाने उलट तिच्यावरच अब्रुनुकसानीचा दावा ठोकला तर? या धास्तीने कंपन्या गप्प बसल्या, की भुर्दंड पडतो तो इमानेइतबारे हप्ता भरणाऱ्यांना. अमेरिकेतल्या राज्यांनी यावर सरळ तोडगा काढला: सद्हेतूने माहिती देणाऱ्याच्या पाठीशी कायदा उभा राहील. या कवचाच्या काही भन्नाट गोष्टी वाचा.

रोल्स-रॉईसमध्ये अस्वल!
जानेवारी २०२४, कॅलिफोर्नियातलं लेक ॲरोहेड. अस्वल गाडीत शिरलं आणि आतली सगळी नासधूस केली, असा २०१० सालच्या रोल्स-रॉईस घोस्टचा क्लेम आला. पुराव्यादाखल व्हिडिओही जोडलेला. कंपनीला संशय आला आणि राज्याच्या विमा विभागाने तपास सुरू केला. पाहतात तर काय, तीच तारीख, तीच जागा आणि आणखी दोन कंपन्यांकडे दोन मर्सिडीजचे क्लेम! तिथेही अस्वलच. वन्यजीव विभागाच्या जीवशास्त्रज्ञाने व्हिडिओ पाहून छातीठोकपणे सांगितलं, हा अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस आहे. झडतीत तो पोशाखही सापडला. मामला एकूण १,४१,८३९ डॉलरचा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये चौघांना अटक झाल्याचं विभागाने जाहीर केलं. प्रत्येक कंपनीपुढे एकच अस्वल होतं. माहिती एका टेबलावर आली तेव्हा तीन दिसली.

देश एक, कायदे अनेक
अमेरिकेत विम्याचा कारभार मुख्यतः राज्यांच्या हाती आहे. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यामुळे हे संरक्षणही राज्यागणिक वेगळ्या शब्दांत मिळतं. राज्यांच्या विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने एक नमुना कायदा तयार करून ठेवला आहे. कायदा करताना राज्यांना तो हाताशी घेता येतो.

आधी आग विझवली
१९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्ससारख्या भागांत इमारतीमागून इमारती जळत होत्या. त्यांतल्या काही आगी विम्याच्या पैशांसाठी लावलेल्या असत. आगीचा तपास करणाऱ्यांना हवी असलेली कागदपत्रं विमा कंपनीच्या फायलीत पडून असायची, पण ती द्यायची म्हणजे कोर्टकचेरीची भीती. म्हणून त्याच दशकापासून राज्यांनी खास जाळपोळीसाठी कायदे केले. अधिकाऱ्याने फाईल मागितली, की कंपनीने ती द्यायची आणि दिल्याबद्दल तिच्यावर दावा चालणार नाही. बऱ्याच राज्यांत कंपनीलाही तपासाची माहिती मागता येते.

कळवणं हे कर्तव्यच
हा मर्जीचा मामला नाही. क्लेममध्ये फसवणूक दिसते असं कंपनीचं मत झालं, की न्यूयॉर्कमध्ये ३० दिवसांत आणि कॅलिफोर्नियात ६० दिवसांत सरकारी यंत्रणेला कळवावंच लागतं. कायदा बोलायला भाग पाडतो, म्हणून बोलणाऱ्याला सांभाळणंही त्याच्यावर येतं. हा हिशेब मला अगदी न्याय्य वाटतो.

आकसाला माफी नाही
कवच मिळतं ते प्रामाणिक माणसाला. न्यूयॉर्कचा कायदा लबाडी किंवा दुष्ट हेतू असेल तर संरक्षण नाकारतो. कॅलिफोर्नियाचा कायदा आकस नसावा अशी अट घालतो. संशय पुढे चुकीचा ठरला तरी चालतं. खोटं आहे हे ठाऊक असताना कुणाला अडकवलं, तर मात्र दाव्याला तोंड द्यावं लागतं. ही अट नसती तर हाच कायदा गरीब ग्राहकाला धमकावण्याचं हत्यार झाला असता.

उगाच कोर्टात खेचलं तर?
नमुना कायद्यात आणखी एक तरतूद आहे. कळवणाऱ्यावर सबळ कारण नसताना दावा लावला आणि तो फेटाळला गेला, तर कळवणाऱ्याच्या वकिलाची फी दावा लावणाऱ्याच्या खिशातून जाते.

बसमधले भुताळी प्रवासी
खोटे क्लेम उघडे पाडण्यासाठी १९९३ मध्ये न्यू जर्सीच्या विमा खात्याने बसचे किरकोळ अपघात मुद्दाम घडवून आणले आणि बसमध्ये छुपे कॅमेरे लावले. धडक होताच रस्त्यावरचे लोक धावत बसमध्ये चढताना दिसले. पुढे बसमध्ये नसलेल्यांनीही दुखापतीचे क्लेम केले!

मोटारचोरांविरुद्धची जुनी फळी
विमा कंपन्यांनी मोटारचोरीविरुद्ध १९१२ मध्येच एक संयुक्त ब्युरो काढला होता. १९७१ मध्ये विमा गुन्हे रोखणारी दुसरी संस्था आली आणि १९९२ मध्ये दोन्ही मिळून ‘नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरो’ उभा राहिला. कंपन्या आणि पोलीस यांच्यातला हा दुवा. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर ब्युरोने बुडालेल्या गाड्यांची माहिती लोकांसाठी मोफत खुली केली, कारण त्या गाड्या धुऊनपुसून विकल्या जाण्याचा धोका होता.

ग्राहकाला कुणकुणही नको
काळ्या पैशाचा वास आला तर अमेरिकेचा केंद्रीय कायदा लागू होतो. २००६ पासून आयुर्विमा कंपन्यांनाही संशयास्पद व्यवहार कळवणं सक्तीचं आहे. त्याबद्दल दिवाणी दाव्यापासून संरक्षण मिळतं, पण अहवाल पाठवल्याचं त्या ग्राहकाला सांगणं बेकायदा आहे.

हा पैशांपुरता खेळ नाही
‘कोॲलिशन अगेन्स्ट इन्शुरन्स फ्रॉड’ या संघटनेने २०२२ मध्ये अमेरिकेतल्या विमा फसवणुकीचा वार्षिक फटका ३०८.६ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज दिला. त्याहून मन हलवणारी घटना मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सची. २००३ मध्ये तिथे ठरवून केलेल्या अपघातात एका ६५ वर्षांच्या आजींचा जीव गेला. त्यानंतर शहरात पोलीस, सरकारी वकील आणि विमा तपासनीस यांनी एकत्र मोहीम उघडली.

आणि आपल्याकडे?
२००२ च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याचं कलम १४ विमा कंपन्यांनाही लागू आहे. कायद्याप्रमाणे सरकारी यंत्रणेला माहिती दिली म्हणून कंपनी, संचालक किंवा कर्मचारी यांच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चा आठवा अपवादही कामाचा आहे. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामीचा गुन्हा ठरत नाही. हा अपवाद १८६० च्या दंड संहितेतही होता आणि तो तुम्हाआम्हालाही तितकाच लागू आहे.

तेव्हा गॅरेजवाल्याने बिल फुगवू म्हटलं किंवा एजंटाने कोऱ्या क्लेम फॉर्मवर सही मागितली, तर ठाम नकार द्या आणि कंपनीला लेखी कळवा. फक्त जे पाहिलं तेच लिहा. कायदा खरं बोलणाऱ्याच्या बाजूने आहे.