नागपूर ते जिद्दा: अंतर किती, वेळ किती अन् घड्याळाचा घोळ

सिंदी (रेल्वे)हून कोणी हजला निघालं की मोहल्ल्यात पहिला सवाल हाच, "विमानाला किती घंटे लागतात?" जवाब सोपा वाटतो, पण आम्ही स्वतः त्यात फसलो आहोत.

आमच्या फुफीजान हजहून परतत होत्या. जिद्दाहून फोन आला, "एक वाजता विमान सुटतंय." आम्ही त्यात साडेपाच तास मिळवले अन् संध्याकाळी साडेसहाला नागपूर विमानतळावर हजर! विमान उतरलं रात्री नऊला. सोबत लहान मुलं, डबा नाही. मधले अडीच तास घरच्यांच्या जिवाला घोर लागला. विमान लेट नव्हतंच. "एक वाजता" हा सौदीचा वेळ होता आणि आमचं घड्याळ अडीच तास पुढे. शाळेत गणित शिकवणाऱ्याने ही चूक करावी, म्हणजे हद्दच झाली.

आता हिशेब बघा. नागपूर ते जिद्दा सरळ हवाई अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर. मोठं विमान ताशी साधारण ८५० किलोमीटरने जातं, म्हणजे पाच तासांच्या आत-बाहेर. धावपट्टीवरचा वेळ, चढणं-उतरणं, वळसे धरले की साडेपाच तास होतात. मुंबईत विमान बदलायचं असेल तर हा हिशेब लागू नाही. हिवाळ्यात उमराहला जाणाऱ्यांना आणखी एक फरक दिसतो. त्या दिवसांत उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीशी असतो, म्हणून परतीचा प्रवास लवकर होतो.

नागपूर आणि जिद्दा दोन्ही २१ अक्षांशाच्या आसपास आहेत. फरक रेखांशाचा: आपण ७९, जिद्दा ३९. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, तर ४० अंशांना १६० मिनिटं. म्हणजे आपल्याकडे मगरिब झाली तरी तिकडे सूर्य बराच वर असतो. नकाशावर मक्का सरळ पश्चिमेला दिसते, पण पृथ्वी गोल असल्याने सिंदीहून किबला पश्चिमेपासून सुमारे ८ अंश उत्तरेकडे येतो.

तिकिटावर सुटण्याची वेळ त्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ उतरण्याच्या शहराची असते. सकाळी १० ला नागपूरहून निघालात तर जिद्दात दुपारी १ वाजलेला दिसेल. तीन नाही, साडेपाच तास झालेले असतात. शुगरवाल्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. इथली रात्री आठची गोळी म्हणजे तिथले साडेपाच. वेळ कशी बदलायची ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं.

आणि सरळ जिद्दाला उतरणाऱ्यांनो, मीकात विमानातच ओलांडली जाते. इहरामची तयारी आधीच करून बसा.