पागेच्या जागेवरचे हायस्कूल

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर, साड्यांच्या आणि सराफी दुकानांच्या गजबजाटात मुलींची एक जुनी शाळा उभी आहे. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा इथे होती, म्हणून शाळेलाही अवघे पुणे हुजूरपागाच म्हणते. शाळेचा जन्म २९ सप्टेंबर १८८४चा.

मुलींना अक्षरओळख करून देणे तेव्हा पुण्याला नवे नव्हते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्येच भिडे वाड्यात शाळा काढून लोकांचा रोष अंगावर घेतला होता. नवी होती ती पुढची मागणी: इंग्रजी, गणित आणि पुढे मॅट्रिक. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित ही मंडळी त्यासाठी पुढे सरसावली.

पण या मागणीचा आवाज एका बाईचाही होता. मुलींसाठी हायस्कूल हवे, हा अर्ज रमाबाई रानड्यांनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर इंग्रजीत वाचून दाखवला. सभेत कौतुक झाले. घरात मात्र वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे वाट पाहत होते. रमाबाईंनी हे सारे आपल्या आठवणींत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. शाळेच्या जन्मकथेत सभेइतकेच मोल त्या घरातल्या संध्याकाळीलाही द्यायला हवे.

शाळेच्या पहिल्या लेडी सुपरिंटेंडेंट मिस हर्फर्ड. वर्ग अकरा ते पाच भरत, आणि खरे भांडण पेटले ते या वेळेवरून. टिळकांनी १८८७ मध्ये ‘मराठा’तून शाळेच्या अभ्यासक्रमावर कडाडून टीका केली. मुलींनी शिकूच नये, असे त्यांचे म्हणणे नव्हते. पण दिवसभर वर्गात बसलेली मुलगी घरकाम शिकणार कधी, हा त्यांचा सवाल होता. थोडे तास पुरेत, आणि इंग्रजीपेक्षा मराठी, शिवणकाम, नीतिशिक्षण यांवर भर हवा, असा त्यांचा आग्रह. त्याच सुमारास, नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्याने वातावरण तापले होते. शिकलेली बायको नवऱ्याला जुमानणार नाही, ही धास्ती लोक उघड बोलून दाखवत. आगरकरांचे मत नेमके उलट: मुलामुलींना शिक्षण एकच द्यावे, आणि तेही एकत्र.

टिळकांच्या सवालात त्या काळाची अडचण होती, हे खरे. दहाव्या-अकराव्या वर्षी लग्न होणाऱ्या मुलीच्या दिवसावर माहेर आणि सासर दोघांचाही हक्क असे. पण म्हणूनच अकरा ते पाच हे वेळापत्रक मोलाचे होते. तेवढे तास तरी मुलीचा दिवस तिचा स्वतःचा होई.

पुण्याबाहेरच्या मुलींना मोठा आधार झाला तो वसतिगृहाचा. ब्रह्मदेशात १९०५ मध्ये जन्मलेली इरावती करमरकर सातव्या वर्षी हुजूरपागेत दाखल झाली. इथेच तिची शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री जमली आणि पुढे शकुंतलेच्या वडिलांच्या, रँग्लर परांजप्यांच्या घरी ती लेकीसारखी राहिली. १९२२ मध्ये ती मॅट्रिक झाली, मग फर्ग्युसन, मग बर्लिनमध्ये मानववंशशास्त्रात डॉक्टरेट. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे त्या ह्याच.